हाँगकाँगच्या हक्का गावात शूटिंग करायचंय?

हाँगकाँगला येऊन घर लागलं, बस-मेट्रोचं ऑक्टोपस कार्ड खिशात आलं, की कॅमेरा बाळगणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना इथल्या जुन्या चिनी घरांचा शोध लागतो. मग मेसेज येतात, "दादा, रविवारी साम तुंग उकला जाऊन शॉर्टफिल्म उरकून टाकू का?" साम तुंग उक म्हणजे त्सुएन वान भागातलं जुनं हक्का गाव, आता संग्रहालय. घरच्यांचे चार फोटो काढायचे असतील तर खुशाल जा, प्रवेश फुकट आहे. पण नट, लाइट, ट्रायपॉड, बूम असा लवाजमा नेणार असाल, तर ते उरकण्यासारखं काम नाही.

जागा आधी नुसती बघून या. त्सुएन वान हे त्याच नावाच्या मेट्रो लाइनचं शेवटचं स्टेशन, तिथून चालत पाच मिनिटं. हक्का हा चिनी लोकांतलाच एक समाज. त्यातल्या चॅन कुळाच्या लोकांनी 1786 मध्ये हे तटबंदीचं गाव बांधलं. शहर वाढत त्यांच्या दारापर्यंत आलं, तेव्हा 1980 मध्ये रहिवाशांना जवळच नवी वस्ती देऊन हलवलं. पुढच्याच वर्षी गाव संरक्षित स्मारक झालं आणि डागडुजी होऊन 1987 मध्ये संग्रहालय उघडलं. आता तिथे अमूर्त सांस्कृतिक वारशाचं, म्हणजे कला, सण, परंपरा यांचं केंद्र आहे. मधल्या रेषेत एकामागे एक तीन दालनं, दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी. उजेड येतो तो मधल्या उघड्या चौकातून, त्यामुळे आपल्या वाड्यांची सवय असलेल्याला कॅमेरा कुठे लावायचा हे सांगावं लागत नाही. मान वर केली की मात्र टॉवरच टॉवर. जुना काळ दाखवायचा असेल तर फ्रेम छपराच्या कडेलाच कापावी लागते.

आता परवानगी. संग्रहालय सरकारच्या ज्या खात्याकडे आहे त्याला, म्हणजे लेझर अँड कल्चरल सर्व्हिसेस डिपार्टमेंटला, सगळे 'एलसीएसडी' म्हणतात. चित्रीकरणाला मदत करणारं सरकारी फिल्म सर्व्हिसेस ऑफिस वाट दाखवतं, मदतही मनापासून करतं, पण होकार जागा ज्याची त्याचाच लागतो. आणि इथे "कोणी ओळखीचं आहे का?" हा प्रश्न विचारू नका, त्याने काही हलत नाही. हलतं ते नीट लिहिलेल्या अर्जाने. तारीख, तास, माणसं किती, सामान कोणतं, कुठल्या दालनात कुठला शॉट, सगळं लिहा. "साधारण सकाळी" असं लिहिलंत तर उलट प्रश्नांची ईमेल आलीच म्हणून समजा. कथेचा सारांश जोडा, विमा मागितला तर कुरकुर करू नका. एकदा कागद हातात आला की दारावरचे काकाच तुमची बाजू घेतात, हे मुंबईत शूटिंग केलेल्यांना खरं वाटत नाही. बाहेरच्या रस्त्यावर कॅमेरा लावणार असाल तर पोलिसांना आधी कळवून ठेवा.

कॅमेरामन भारतातून बोलावताय? इथे जपून. आपल्या पासपोर्टवर ऑनलाइन पूर्वनोंदणी करून 14 दिवस येता येतं, पण ते पाहुणा म्हणून. पाहुण्याला काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा नाही. "मित्र आहे, मदतीला आलाय" हे विमानतळावर सांगायचं उत्तर नव्हे. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना, म्हणजे डिपेंडंट व्हिसावाल्यांना, सहसा काम करायची मुभा असते. आपल्यातच उत्तम एडिटर, साउंडवाल्या सापडतात, त्यांना आधी विचारा. भाड्याचं महागडं सामान तिकडूनच आणणार असाल तर फिक्की या भारतीय उद्योग संघटनेकडून एटीए कार्ने काढा, म्हणजे सामान तात्पुरतं आणून परत नेण्याचा कस्टम्सचा कागद. ड्रोनचा विचार त्सुएन वानमध्ये सोडलेलाच बरा. 2022 च्या नियमांनुसार 250 ग्रॅमच्या वरचं ड्रोन नोंदवावंच लागतं, आणि इतक्या दाट वस्तीत ते उडवायला कोणी देणार नाही.

शूटिंगच्या दिवशी सर्वांत मागच्या दालनात आवाज कमी ठेवा. ते पूर्वजांचं दालन आहे. दाराचा लाकडी उंबरठा उंच असतो. तो ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही, आणि ट्रॉलीचे रूळ तर मुळीच टेकवायचे नाहीत. भिंतीला चिकटपट्टीही नको. हक्का बायकांची काळी झालर लावलेली बांबूची टोपी नटीला घालायची हौस सगळ्यांना असते. कथेत तशी बाई असेल तर घाला, नुसतं 'चायनीज वाटावं' म्हणून नको. त्या कुळाचे लोक आजही याच शहरात राहतात आणि तुमची फिल्म त्यांच्याही फोनवर जाते.

टॉवर नकोच असतील तर साय कुंगचं श्युंग यिऊ बघा. वोंग या हक्का कुळाचं छोटं गाव, तेही आता संग्रहालय, शेजारी शिंपले आणि पोवळी भाजून चुना करायची भट्टी, समोर पाणी. पण पाक ताम चुंगपासून पुढे सामान खांद्यावरून न्यायचं, आणि आसपासच्या कंट्री पार्कात, म्हणजे राखीव डोंगर-जंगलात, चित्रीकरण करायचं तर परवानगी वेगळी, वेगळ्या खात्याची.

दोन्ही संग्रहालयं मंगळवारी बंद असतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हवा चांगली, मार्च-एप्रिलमध्ये दमटपणाने लेन्सवर वाफ धरते. उन्हाळ्यात वादळाचा आठ नंबरचा सिग्नल लागला की संग्रहालय बंद, म्हणून अर्जातच एक राखीव तारीख मागून ठेवा.