‘लस’ आणि ‘लसीकरण’ कुठे, कसे वापरावे

लस म्हणजे द्रव्य, लसीकरण म्हणजे ते देण्याची क्रिया. म्हणून ‘बाळाला लसीकरण दिले’ असे लिहू नका. ‘बाळाला लस दिली’ किंवा ‘बाळाचे लसीकरण झाले’ असे लिहा. गोवराची लस टोचतात, पोलिओचे थेंब मात्र पाजतात. ‘देणे’ दोन्हीकडे चालते. ‘लसचा’ नव्हे, ‘लसीचा’, अनेकवचन ‘लसी’.

‘व्हॅक्सिनेशन’च्या मुळाशी ‘वाक्का’, म्हणजे लॅटिनमधली गाय आहे: 1796 मध्ये इंग्लिश डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी देवीपासून बचावासाठी गोस्तन देवीच्या (गाईंना होणाऱ्या देवीसारख्या रोगाच्या) फोडातला द्रव टोचला होता. जुन्या मराठीत यालाच ‘देवी काढणे’ म्हणत.

एक चूक खरोखर घातक ठरते. दोन मात्रांच्या लसीची पहिलीच घेतली असेल, तर ‘लसीकरण पूर्ण’ लिहू नका. ‘पहिली मात्रा घेतली’ असेच नोंदवा, नाहीतर दुसरी राहून जाते.