फायबर तुटली तरी गावाचं नेट चालू

रस्त्याचं काम निघालं की जेसीबी फायबर तोडणार, हे यवतमाळ-गडचिरोलीकडे नेट चालवणाऱ्याला सांगायला नको. टॉवरवरची वायरलेस लिंक असते, पण रात्री डेटा हातानं तिच्यावर कोण वळवणार? दोन्ही टोकांच्या राउटरवर ओएसपीएफ (राउटरनं आपसात बोलून वाट निवडायची पद्धत) असेल तर हे काम त्यांच्यावरच सोडा.

१. फायबरच्या इंटरफेसला (राउटरवरच्या पोर्टला) कॉस्ट, म्हणजे वाटेची किंमत, १० द्या, वायरलेसला १००. कमी कॉस्टची वाट आधी धरली जाते. दोन्ही टोकांना आकडे सारखेच टाका, नाहीतर डेटा जाईल फायबरनं अन् परतेल वायरलेसनं.

२. मध्ये साधा मीडिया कन्व्हर्टर (फायबरला राउटरच्या केबलशी जोडणारा डबा) असेल तर फायबर तुटूनही राउटरच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहू शकतो. मग राउटर डेड टायमर (पलीकडून हॅलो संदेश आले नाहीत तर किती वेळ थांबायचं ती मुदत) संपेपर्यंत, म्हणजे बहुतेक ४० सेकंद, तुटलेल्या वाटेवरच डेटा ढकलत बसतो. फायबरवर हॅलो दर २ सेकंदांनी, डेड ८ सेकंद करा.

३. फोर-जी डोंगल असेल तर त्याचा स्टॅटिक डिफॉल्ट रूट (हातानं टाकलेली, बाहेरच्या नेटकडची वाट) डिस्टन्स २०० नं टाका; डिस्टन्स कमी, त्या वाटेला आधी मान. सिस्को, मिक्रोटिकवर ओएसपीएफचं डिस्टन्स ११० असतं, त्यामुळे ओएसपीएफचा डिफॉल्ट रूट गेल्यावरच डोंगल पुढे येतो.

तपासताना राउटरची केबल उपसू नका, त्यानं दिवा विझतो आणि खरी परीक्षा होतच नाही. कन्व्हर्टरची फायबर काढा.

सावधान: हॅलो-डेड दोन्हीकडे जुळले नाहीत तर शेजारीपण (दोन राउटरमधलं ओएसपीएफचं नातं) तुटतं. वायरलेस वाट चालू आहे हे बघूनच हात लावा, आणि आधी लांबच्या राउटरवर आकडे बदला, मग जवळच्या.