प्लास्टिकची व्हायकिंग बोट लाकडाची वाटायला हवी असेल तर

किट उघडलं की पहिला मोह होतो तो ढाली आणि ड्रॅगनचं डोकं लावून बघायचा, तो आवरा. या मॉडेलमधे सगळा खेळ रंगाचा आहे, प्लास्टिकचं लाकूड करायचं, बाकी जोडकाम दोन संध्याकाळचं.

आधी सगळ्या फ्रेम कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण टाकून धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग पुढे पापुद्र्यासारखा निघतो. मग बोटीचे दोन्ही अर्धे भाग गोंद न लावता जोडून बघा, नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, हमखास फट दिसेल. टेपने घट्ट बांधा आणि पातळ सिमेंट (प्लास्टिक मॉडेलचा पातळ गोंद) ब्रशने आतल्या बाजूने सांध्यावर सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. उरलेली फट पुट्टीने भरायची पण फळ्यांच्या कडा घासून सपाट करू नका, एका फळीची कड दुसरीवर चढवून खिळ्यांनी जोडणं हीच तर या बोटींची ओळख.

आता लाकडाच्या रेषांबद्दल. बऱ्याच किटांत त्या इतक्या खोल असतात की विचारू नका. 1:50 च्या मॉडेलवर 0.2 मिमीची खाच म्हणजे खऱ्या बोटीत 1 सेंटीमीटरची भेग, अशी बोट पाण्यात टाकली तर बसलीच तळाला. 600 च्या सॅंडपेपरने रेषा जेमतेम दिसतील इतपत घासा.

रंग. एकच तपकिरी डबा उघडून सगळीकडे फासू नका, चॉकलेट दिसतं (माझी पहिली बोट तशीच होती, अजून कपाटात आहे). प्रायमरवर फिकट मातकट रंग द्या, त्यातच थोडा करडा, थोडा तपकिरी मिसळून दोन-तीन छटा करा आणि प्रत्येक फळी वेगळ्या छटेत रंगवा, शेजारच्या दोन सारख्या नकोत. ॲक्रिलिक वापरलं असेल तर वर वार्निशचा एक हात देऊन रात्रभर सुकू द्या. मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ऑइल कलर व्हाइट स्पिरिटमधे चहासारखा पातळ करून सोडा, तो फळ्यांच्या कडेला जाऊन बसतो. अर्ध्या तासाने कापसाच्या काडीने वरून खाली पुसून घ्या, आडवं पुसलं तर डाग पडतात. या बोटींना डांबर लावायचे त्यामुळे बाहेरची बाजू गडदच छान दिसते, आतल्या डेकच्या फळ्या मात्र फिकट करड्या ठेवा, पायाखाली झिजलेल्या. खिळ्यांच्या डोक्यांना चंदेरी रंग अजिबात नको, लोखंड आहे ते, गंजाचा बारीक ठिपका पुरे.

किटमधलं प्लास्टिकचं शीड फार जाड असतं. पण फेकू नका, साचा म्हणून वापरा, त्याच्यावर क्लिंग फिल्म, वर टिश्यू पेपर, मग पाणी घातलेला फेविकॉल, असे दोन-तीन थर देऊन सुकल्यावर सोलून काढायचं. दोऱ्याला मेण चोळून घ्या म्हणजे लव दिसत नाही. आणि डोलकाठीच्या बाजूच्या दोरांना शिड्या विणत बसू नका, ते नंतरच्या काळातल्या जहाजांचं.

सुकाणू उजव्या बाजूला, स्टारबोर्ड (जहाजाची उजवी बाजू) हा शब्दच त्यावरनं आलाय. शीड फुगलेलं दाखवणार असाल तर वल्ही आत ठेवा, वल्ह्यांची भोकं बंद करायला खऱ्या बोटीत लाकडी झाकणं होती, ती प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापता येतात.

ढाली सगळ्यात शेवटी. मी एकदा आधी चिकटवल्या आणि मग दोर बांधताना हाताचं बोट लागून सात पडल्या, एक तर अजून सापडली नाही. नॉर्वेत 1880 मधे उकरून काढलेल्या गोकस्टाड जहाजावर 64 ढाली होत्या, प्रत्येक बाजूला 32, एक पिवळी एक काळी अशा, आणि एकीची कड दुसरीवर चढलेली. किटच्या डब्यावर लाल-निळी-पांढरी जत्रा असली तरी मी पिवळा-काळाच देतो. पिवळा मात्र झगझगीत नको, त्यात चिमूटभर तपकिरी टाका, कडेला थोडा रंग खरवडून खालचं लाकूड दाखवा आणि मधल्या लोखंडी वाटीवर पेन्सिलचं शिसं बोटाने चोळा.