मोठ्या रीफ टँकसाठी सर्क्युलेशन पंप घेताय? मग या चुका टाळा

मोठा रीफ टँक, म्हणजे कोरल ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, करायचं ठरलं की लाईटवर महिनाभर खल होतो, मिठावर होतो, स्किमरवर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) तर होतोच, पण पंपाची वेळ आली की डब्यावरचा लिटर प्रति तासाचा आकडा बघायचा, टँकच्या लिटरने भागायचा आणि पंप उचलायचा, इतकंच. मग सहा महिन्यांनी दगडांच्या मागे लालसर चिकट थर धरतो, एखादं कोरल एकाच बाजूने पांढरं पडायला लागतं, टेस्ट कराव्यात तर सगळे रिझल्ट ठीक. अशा वेळी मी आधी पाणी नाही, पाण्याचा प्रवाह बघायला सांगतो. कोरल जागचं हलू शकत नाही हो, त्याला ऑक्सिजन आणि खाणं आणून देणारं आणि अंगावरचा चिकट स्राव धुऊन नेणारं पाणीच असतं, ते पोचलंच नाही तर बाकी सगळं करून काय उपयोग.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच पंपाकडून दोन कामं करून घेणं. संपमधून, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून, पाणी वर चढवणारा रिटर्न पंप वेगळा आणि टँकच्या आत पाणी फिरवणारा वेव्हमेकर किंवा पावरहेड वेगळा. रिटर्न पंपाला उंचीवर पाणी ढकलायचं असतं म्हणून तो प्रेशर तयार करतो आणि त्यातच त्याची वीज जाते, वेव्हमेकर किंवा पावरहेडचा पंखा मात्र पाणी जागच्या जागी ढकलतो, त्यामुळे थोड्या वॅटमध्ये प्रचंड पाणी हलतं. संपमधून तासाला टँकच्या साधारण ३ ते ५ पट पाणी फिरलं तरी बहुतेकांना पुरतं. बाकीचा फ्लो आतल्या पंपांनी द्यायचा, सॉफ्ट कोरल आणि एलपीएस (मोठ्या पॉलिपची कडक सांगाड्याची कोरलं) असतील तर १० ते २० पट, एसपीएस (बारीक पॉलिपची कडक सांगाड्याची कोरलं) असतील तर ३० ते ५० पट किंवा त्याहून जास्त. हे आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून धरा, शेवटचा निकाल कोरलच देतं.

आता हेडबद्दल, म्हणजे पंपाला पाणी किती उंच चढवायचंय त्याबद्दल, कारण इथे भलेभले फसतात. डब्यावर लिहिलेला फ्लो हा शून्य उंचीचा असतो आणि डब्यावर लिहिलेलं मॅक्स हेड म्हणजे जिथे पंप चालू असूनही पाणी यायचं पूर्ण थांबतं ती उंची. तुमचा पंप या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी चालणार, म्हणून कंपनीचा हेड आणि फ्लोचा ग्राफ बघितल्याशिवाय घेऊ नका. उंची मोजायची ती संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून टँकमधल्या पाण्याच्या पातळीपर्यंत, आणि त्यात पाइपचं घर्षण, एल्बो, व्हॉल्व्ह यांचं नुकसान वेगळं मिळवायचं. पाइप बारीक ठेवणं ही तर अगदी नेहमीची चूक. १००० लिटरच्या टँकला तासाला ५००० लिटर रिटर्न हवा असेल तर आतून २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास २.८ मीटर होतो, तोच पाइप ४० मिलिमीटरचा घेतला तर १.१ मीटरवर येतो, आणि वेग वाढला की घर्षण त्याच्या कितीतरी पटीने वाढतं. म्हणजे मोठा पंप घेण्याआधी जाड पाइप घ्या, स्वस्तात पडतो. खरा फ्लो किती मिळतोय हे बघायचं असेल तर रिटर्नचं तोंड नेहमीच्याच उंचीवर धरून २० लिटरची बादली भरा आणि वेळ लावा, १८ सेकंद लागले तर तासाला ४००० लिटर, झाला हिशोब. फ्लो कमी करायचा असेल तर व्हॉल्व्ह नेहमी पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला लावायचा, आत येणारं पाणी अडवाल तर पंप कोरडा पडल्यासारखा खडखडतो आणि खराब होतो.

एकच मोठा पंप एका कोपऱ्यात लावून मोकळं होणं, हेही टाळा. त्याचा झोत सरळ एका कोरलवर बसला तर मांस सोलून निघतं आणि खाली पांढरा सांगाडा दिसायला लागतो, लोक त्याला रोग समजून औषधं शोधत बसतात. तिकडे दुसऱ्या टोकाला पाणी हलतही नाही, घाण साचते आणि सायनो, म्हणजे तोच लालसर चिकट थर, धरतो. लांब टँकला दोन्ही बाजूंना समोरासमोर रुंद झोताचे दोन किंवा जास्त पंप लावा आणि ते आळीपाळीने कमी-जास्त होतील असं कंट्रोलरवर सेट करा, म्हणजे झोत एकमेकांवर आपटून दिशा बदलत राहतात. शिवाय एक बंद पडला तरी दुसरा असतो, माझ्यासाठी तर हेच मोठं कारण आहे. फ्लो कसा आहे हे बघायला माशांचं बारीक खाणं पाण्यात सोडून ते कुठे फिरतं, कुठे जाऊन बसतं ते दोन मिनिटं शांतपणे बघा, दगडाच्या मागेसुद्धा. युफिलिया (लांब मऊ शुंडांचं एक कोरल) नुसती डुलली पाहिजे, एका बाजूला दाबून धरल्यासारखी दिसली तर फ्लो जास्त आहे. अॅनिमोनी (कोरलच्या नात्यातला, पण जागा बदलणारा मऊ प्राणी) ठेवणार असाल तर पंपाला गार्ड हवाच, ती चालत चालत पंख्यात जाते आणि मग सगळा टँक बिघडतो.

पंप काचेवर धरून ठेवणारा मॅग्नेट किती जाड काचेसाठी आहे ते पण बघून घ्या. मोठ्या टँकची काच १५ किंवा १९ मिलिमीटर असते आणि पंपाचा मॅग्नेट १२ साठीच असेल तर तो हळूहळू घसरतो. माझ्याकडे असाच एक रात्री घसरून वाळूकडे तोंड करून पडला, सकाळी खालची सगळी कोरलं वाळूखाली, एकेक हाताने काढून धुवावं लागलं, दोन गेलीच. तेव्हापासून जाडी मोजल्याशिवाय मी पंप घेत नाही.

उष्णतेचा हिशोब कोणी करत नाही. पाण्यात बुडवलेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरते. १०० वॅटचा पंप १००० लिटर पाणी दिवसभरात साधारण २ अंशांनी तापवू शकतो, उष्णता कुठे बाहेर गेलीच नाही असं धरलं तर. पाणी थंड करणारा चिलर सारखा चालत असेल तर आधी पंपांच्या वॅटची बेरीज करा.

आणि वीज गेल्यावर काय होतं ते पहिल्याच दिवशी मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा. रिटर्नच्या तोंडातून पाणी उलटं संपमध्ये यायला लागतं. २ मीटर बाय ७० सेंटिमीटरच्या टँकची पातळी फक्त अडीच सेंटिमीटर उतरली तरी ३५ लिटर पाणी खाली येतं, तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, त्यात शेवाळ, गोगलगाय काहीही अडकतं. रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जरा खालीच ठेवा म्हणजे लगेच हवा शिरून सायफन, म्हणजे पाणी आपोआप खाली ओढलं जाणं, तुटतो. वीज जास्त वेळ गेली तर मासे आधी ऑक्सिजनसाठी तडफडतात, म्हणून निदान एक डीसी वेव्हमेकर बॅटरीवर चालेल असाच घ्या आणि त्याचं तोंड पाण्याच्या वरच्या थराकडे ठेवा. मोठ्या टँकला ही सोय मी ऐच्छिक मानतच नाही.

चालू असलेला पंप अचानक आवाज करायला लागला, फ्लो घटला किंवा बंद केल्यावर परत सुरूच होईना, तर लगेच नवीन घ्यायला धावू नका. बहुतेक वेळा इम्पेलरवर (आत फिरणाऱ्या पंख्यावर) कॅल्शियम आणि कोरलाइन नावाचं कडक शेवाळ बसलेलं असतं. पंप काढून व्हिनेगर पाण्यात मिसळून किंवा सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात काही तास चालवा, ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, तीन-चार महिन्यांनी एकदा हे केलंच पाहिजे. घासल्यावरही खडखडाट राहिला तर शाफ्ट (इम्पेलरचा दांडा) आणि बुशिंग (त्या दांड्याचा आधार) बघा, शाफ्ट सिरॅमिकचाच हवा, धातूचा असेल तर खाऱ्या पाण्यात गंजतो आणि त्यातून निघणारा धातू कोरलला मारतो, म्हणून गोड्या पाण्याचा जुना पंप घरात पडलाय म्हणून वापरणं नकोच. सगळीकडे बारीक बुडबुडे दिसत असतील तर पंपाला दोष देण्याआधी संपमधली रिटर्नच्या कप्प्यातली पातळी बघा, बाष्पीभवनाने तीच पहिली उतरते आणि पंप हवा ओढतो.