वाडीचा रस्ता मंजूर कसा करून घ्यावा: सरकारी अभियंत्यांची मदत, संमतीपत्रं आणि बाकीचे कागद

कोकणात गावाला रस्ता असला म्हणजे वाडीला असतोच असं नाही. बौद्धवाडी, कातकरवाडी, धनगरवाडा या वस्त्या बहुतेक ठिकाणी गावाच्या टोकाला, पऱ्याच्या (पावसाळी ओढ्याच्या) पलीकडे नाहीतर डोंगराच्या अंगाला आहेत. पावसाळ्यात तिथून आजारी माणूस अजूनही डोलीत घालून खाली आणावा लागतो. लोक आमदारांना निवेदन देतात, पेपरात फोटो येतो, उपोषणाचा इशारा दिला जातो आणि पुढच्या वर्षी तेच निवेदन तारीख बदलून पुन्हा जातं.

निवेदनावर निधी पडत नाही. निधी पडायला फाईल लागते आणि फाईलमध्ये आखणी, जमिनीचे कागद, लोकसंख्येचा दाखला, ग्रामसभेचा ठराव आणि अंदाजपत्रक लागतं. यातली आखणी आणि अंदाजपत्रक ही जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची कामं आहेत. त्यासाठी खासगी इंजिनिअर गाठून पैसे मोजू नका. शाखा अभियंता आणि उपअभियंता त्यासाठीच तालुक्याला बसलेले असतात. ग्रामपंचायतीने लेखी मागणी केली की पाहणी करून अंदाजपत्रक तयार करणं हे त्यांचं कामच आहे, उपकार नव्हे.

आधी योजना ठरवा

'कुठल्याही योजनेतून करा' असं लिहिलेला अर्ज कुठल्याच टेबलावर थांबत नाही. वस्ती कोणाची आणि किती माणसांची, यावर दार ठरतं.

कातकरी ही केंद्राच्या यादीतली विशेष असुरक्षित आदिवासी जमात आहे. 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा जमातींच्या, किमान 100 लोकसंख्येच्या आणि रस्ता नसलेल्या वस्तीला रस्ता मिळू शकतो. इतर आदिवासी वाड्यांसाठी ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा योजना आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी तिचं प्रकल्प कार्यालय पेणला आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्तीसाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाची वस्ती विकास योजना, भटक्या-विमुक्तांसाठी वसंतराव नाईक तांडा/वस्ती सुधार योजना. मधे फक्त पऱ्या आडवा येत असेल तर रस्त्याच्या मागे लागण्याआधी साकव, म्हणजे छोटा पूल, मागा. तो लवकर होतो आणि शाळेत जाणाऱ्या पोरांचा पावसाळा सुटतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेबद्दल एक चुकीचा सल्ला कायम ऐकू येतो: 'तुमची वाडी 500 ची नाही, विसरा.' किमान 500 लोकसंख्येचा नियम खरा आहे. पालघरच्या जव्हार-मोखाड्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात तो 250 वर येतो. पण 500 मीटरच्या परिघातल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, हे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. आपल्याकडे वाड्या हाकेच्या अंतरावर विखुरलेल्या असतात. बौद्धवाडी 180, शेजारची कुणबीवाडी 210, खालची कोळवाडी 130 अशी बेरीज केली की 500 पार होतात. एकत्रित दाखला ग्रामसेवकाकडून घ्या आणि त्यावर गटविकास अधिकाऱ्यांची सही आणा. जनगणनेत गावाचा आकडा मिळतो, वाडीचा मिळत नाही. म्हणून हा दाखला सोडून चालत नाही.

ठराव ग्रामसभेत घ्या, मासिक सभेत नको. त्यात रस्त्याचं सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण नावानिशी लिहा.

अभियंत्याला पाखाडीवरून चालवा, पण पाखाडीवर अडकू नका

पाहणीच्या आधी, भर जुलैत, वाडीतल्या चार माणसांनी सगळी वाट चालून घ्यावी. पाणी कुठून वाटेवर येतं, कुठे आडवं जातं, कुठे चिखल गुडघाभर होतो, तिथे खुणा करून ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा. अभियंता दिवाळीनंतर येतो. तेव्हा पऱ्या कोरडा असतो आणि तिथे मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) हवी हे त्याला दिसत नाही. दाखवायचं काम तुमचं.

आता आखणी. लोकांना वाटतं, बापजाद्यांची पाखाडी (चढाची पायवाट) आहे, तीच रुंद करायची. माणूस पाखाडीने सरळ चढतो, रुग्णवाहिका चढत नाही. हिशेब साधा आहे: वाडी खालच्या रस्त्यापासून 40 मीटर उंचीवर असेल आणि 20 मीटरला 1 मीटर असा चढ धरला, तर रस्ता 800 मीटर लागतो, मग पाखाडी 250 मीटरची का असेना. म्हणजे रस्ता वळणं घेत जाणार आणि पाखाडी ज्यांच्या जमिनीतून जाते त्यांच्याखेरीज दुसऱ्यांच्याही जमिनीतून जाणार. म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या भेटीत अभियंत्याकडे अंदाजपत्रक मागूच नका. त्याच्याकडून फक्त ढोबळ आखणी घ्या. गावनकाशाची प्रत हातात ठेवा आणि कुठून वळायचं ते त्याच्यासमोर पेन्सिलीने ओढून घ्या. रेघ ज्या सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरांवरून जाते, तेवढे नंबर लिहून काढा. पुढचं सगळं काम या यादीवर चालतं.

संमतीपत्रं: फाईल इथेच मरते

आमचा पहिला रस्ता याच पायरीवर अडला होता आणि त्यानंतर कितीतरी वाड्यांचे प्रस्ताव मी इथेच अडकलेले पाहिले. बहुतेक योजनांत जमीन संपादनाला पैसा नसतो. जमीन लोकांनी द्यायची आणि सरकारने रस्ता बांधायचा, असा व्यवहार असतो. कोकणात जमीन 'लोकांची' म्हणजे कोणाची, हा प्रश्न सातबारा उघडल्यावर कळतो.

एखाद्या हिश्शाचा सातबारा काढा. चार गुंठे वरकस (हलकी, उताराची जमीन) आणि त्यावर वीस-बावीस नावं. पाच-सहा जण मयत, त्यांची वारस नोंद झालेली नाही. दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या, त्यांची नावं माहेरची. एक भाऊ बडोद्याला, बाकीचे मुंबई-ठाण्याला. इतर हक्कात कुळाचं नाव. काही सातबाऱ्यांवर तर एकच नाव असतं आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे लोक खूश होतात की एका सहीत काम झालं. खूश होऊ नका. त्या एका नावामागे अख्खं कुटुंब उभं असतं आणि काम सुरू झालं की त्यातला एखादा पुतण्या स्थगिती मागायला जातो. माझा नियम: ए.कु.मॅ. असो वा नसो, हयात असलेल्या प्रत्येक वारसाची सही घ्यायची. मयतांची वारस नोंद तलाठ्याकडे आधीच टाकायची, कारण फेरफार व्हायला वेळ लागतो.

'निम्म्याहून जास्त हिस्सेदारांची सही पुरते' असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. पुरत नाही. सामाईक जमिनीत प्रत्येकाचा हक्क इंचाइंचावर असतो. दुसरा सल्ला येतो तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज करण्याचा. ते कलम शेतकऱ्याला बांधावरून शेतात जायला वाट मिळावी म्हणून आहे. वाडीला डांबरी रस्ता त्यातून मिळत नाही. त्यात वर्षं घालवू नका.

संमतीपत्राचा मजकूर नीट करा. 'रस्त्यास आमची हरकत नाही' या एका ओळीला काही अर्थ नाही. तालुका, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, जमिनीतून जाणाऱ्या रस्त्याची लांबी आणि रुंदी मीटरमध्ये, त्याखाली जाणारं क्षेत्र गुंठ्यांत, मोबदला मागणार नाही, हे वारसांवर बंधनकारक राहील, सोबत आखणीचा नकाशा आणि त्या नकाशावरही सही, दोन साक्षीदार, आधारची प्रत. रुंदीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. लोक गाडी जाईल एवढी, म्हणजे 3 मीटरची संमती देतात. डांबर 3 किंवा पावणेचार मीटरच असेल, पण साईडपट्ट्या धरून डोंगरात 6 मीटर आणि सपाटीला साडेसात मीटर लागतात. गटार, कटिंगचा उतार आणि संरक्षक भिंत त्याशिवाय. 3 मीटरची संमती घेऊन आलात तर अभियंता फाईल परत देणार आणि त्याच माणसाच्या दारात दुसऱ्यांदा जाऊन जास्त जमीन मागणं फार कठीण जातं. पहिल्यांदाच पूर्ण मागा आणि कशासाठी ते जागेवर दोरी धरून दाखवा.

सह्या कधी घ्यायच्या? गौरी-गणपतीत. मुंबईकर तेव्हाच सगळे एकत्र घरी असतात. शिमग्यालाही येतात, पण तेव्हा पालखीच्या नादात कोणाला कागदाकडे बघायला वेळ नसतो. संमतीपत्रं गणपतीच्या आधी टाईप करून तयार हवीत. आरतीनंतर घरोघरी जा, आणि त्या घरातला सर्वांत मोठा माणूस काय विचारतो ते पूर्ण ऐकून घ्या. त्याला बहुतेक वेळा एकच भीती असते, की रस्त्याखाली चार कलमं जातील आणि उरलेल्या जमिनीवर पाणी उतरेल. आखणीत एक मोरी सरकवून किंवा रेघ तीन मीटर वर घेऊन ही भीती दूर करता येते. अभियंत्याला ते तिथल्या तिथे विचारा. जे गावाला आले नाहीत त्यांच्यासाठी वाडीच्या मुंबई मंडळाची सभा गाठा.

आणि हे लक्षात असू द्या, संमतीपत्राने जमिनीची मालकी बदलत नाही. जिथे मोठा भाग जातोय किंवा घरातच वाद आहे, तिथे ग्रामपंचायतीच्या नावाने नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय कायद्याने चालत नाही. नोंदणी झाली की फेरफार घाला.

रस्ता मागणारी वाडी बहुतेक वेळा भूमिहीन किंवा अल्पभूधारक असते आणि जमीन देणारे गावातले मोठे हिस्सेदार. हा ताण खरा आहे, तो झाकू नका. कातकरवाडीतल्या लोकांना एकट्याने सह्या मागायला पाठवू नका. सरपंच, पोलीस पाटील आणि गावकीतली दोन वजनदार माणसं बरोबर घ्या.

सातबाऱ्यावर 'वन' असेल तर

धनगरवाड्यांच्या वाटेत हे हमखास येतं. कधी राखीव वन, कधी 1975 च्या कायद्याने सरकारजमा झालेलं खासगी वन. लोक इथे हात टेकतात, पण वाट आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) खाली रस्त्यासाठी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मंत्रालयापर्यंत न जाता मिळू शकते. अट अशी की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. नमुना 'अ' मधला प्रस्ताव रस्ता बांधणारा विभाग वनक्षेत्रपालाकडे देतो आणि मंजुरी उपवनसंरक्षक देतात. ग्रामसभेच्या ठरावात कलमाचा उल्लेख करा. 6 मीटर रुंदीने 1 किलोमीटर रस्त्याला 60 गुंठे, म्हणजे 0.6 हेक्टर लागतं, तेव्हा बहुतेक वाड्यांचं काम मर्यादेत बसतं. खाडीकाठच्या वाडीला मात्र कांदळवन आडवं आलं तर आखणीच बदला.

अंदाजपत्रक हातात आलं की वाचा

सगळ्या संमती लावून उपअभियंत्यांना पत्र द्या, पोच घ्या. अंदाजपत्रक झालं की प्रत मागा. नाही दिली तर माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मिळते, पानांचे पैसे वेगळे. लांबी तपासा, मग जुलैतले फोटो समोर ठेवून मोऱ्या मोजा. पाणी आडवं जाणाऱ्या प्रत्येक जागी पाईप मोरी आहे का? डोंगराच्या बाजूला गटार आहे का? तीव्र चढावर काँक्रीट धरलंय की डांबर? आपल्या पावसात चढावरचं डांबर टिकत नाही, तिथे काँक्रीटच मागा. निधी कमी पडत असेल तर लांबी कमी करून टप्पा पाडा, मोऱ्या कमी करू देऊ नका. मोरी नसलेला रस्ता दोन पावसांत पऱ्या होतो.

पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. महिन्यातून एकदा फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारत राहा.

काम संपलं की ग्रामपंचायतीच्या नमुना 23 मध्ये (रस्त्यांच्या नोंदवहीत) रस्त्याची नोंद घालून घ्या, लांबी-रुंदीसकट. नोंद नसेल तर पुढे दुरुस्तीचा निधी मागता येत नाही. आणि कामाच्या फलकावर दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. ग्रामसडक योजनेत तो 5 वर्षांचा आहे. पहिल्या पावसात साईडपट्टी खचली तर तारखेसह फोटो काढून उपअभियंत्यांना लेखी कळवा, कारण त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते.