एसीची हवा मंदावली? गॅस भरण्याआधी हा कप्पा उघडा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो आणि नेमका तेव्हाच गाडीचा एसी दम टाकतो. गॅरेजवाला लगेच म्हणतो, गॅस भरा. थांबा. पंखा फुल्ल असूनही हवा कमी येतेय, पण येते ती गार आहे? मग दोष बहुधा केबिन फिल्टरचा, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणाऱ्या जाळीचा.

1. ग्लोव्ह बॉक्स (डाव्या सीटपुढचा कप्पा) रिकामा करा. बऱ्याच गाड्यांत त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली लोंबतो.
2. मागचं आडवं झाकण काढून फिल्टर हळूच ओढा. त्यावरच्या बाणाचा आधी फोटो काढून ठेवा, बसवताना हमखास गोंधळ होतो.
3. धूळ झटका. काळाकुट्ट असेल तर सरळ नवा टाका.

माझ्या फिल्टरमधून मूठभर कापूस निघाला! जिनिंगच्या (कापसातून सरकी काढतात त्या कारखान्याच्या) रस्त्याने रोजचं येणं-जाणं, दुसरं काय. हिवाळ्यात हीटरची हवाही यातूनच येते, म्हणून दिवाळीनंतर पुन्हा एकदा बघतो.

कागदी फिल्टर पाण्याने मात्र धुऊ नका, वाया जातो.