जुन्या मोनोरेलला हात घालण्याआधी

फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडलं, आणि मोनोरेल पहिल्या दिवसापासून तिथे आहे. आज धावणाऱ्या मार्क सिक्स जातीच्या गाड्या बम्बार्डियर कंपनीने बांधल्या आणि त्या 1989 ते 1991 या काळात सेवेत आल्या. सहा डबे, साधारण 62 मीटर लांबी, बीमच्या (गाडी जिच्यावरून धावते त्या तुळईच्या) बाजूला बसवलेल्या पट्टीतून मिळणारी 600 व्होल्ट डीसी वीज, आणि सगळे मार्ग मिळून जवळपास 24 किलोमीटरचा बीम. रोज पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबलेल्या अशा ताफ्याची मोठी दुरुस्ती अंगावर घेणाऱ्यांनी निविदा काढण्याआधी काय काय तयार ठेवावं, ते इथे सांगतो. नव्या रंगाची आणि नव्या आसनांची चर्चा सगळ्यात आधी सुरू होते, म्हणून ती मी मुद्दाम शेवटालाही घेतलेली नाही.

सुरुवात कार्यपद्धतीपासून करा. गाडी उलटी नेणं, सांधा (गाडीला दुसऱ्या मार्गावर नेणारा फिरता बीम) बदलणं, बंद गाडी ओढून आणणं, एखाद्या पट्ट्यातली वीज तोडणं, ही रोजच्या फेऱ्यांबाहेरची कामं कोण कोणाला सांगून करतं, हे आज जसं चालतं तसं लिहून काढा. पुस्तकात काय आहे ते नंतर बघा. 5 जुलै 2009 च्या पहाटे दोनच्या सुमारास डिस्ने वर्ल्डमध्ये पिंक नावाची गाडी एपकॉट या तिथल्याच पार्ककडे जाणाऱ्या मार्गावरून सांध्यातून दुसऱ्या मार्गावर घ्यायची होती. सांधा फिरलाच नाही. गाडी उलटी आली ती त्याच मार्गावरून, आणि स्थानकात उभ्या असलेल्या पर्पल गाडीवर आदळली. पर्पलचा तरुण चालक जागीच गेला. टक्कर टाळणारी यंत्रणा गाडीत होती, पण उलटं जाताना ती बाजूला ठेवली जात असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासात तीन गोष्टी नोंदवल्या: वर्कशॉपच्या पॅनेलवर बसलेल्याने सांधा जागेवर आणला नाही, नियंत्रकाचं काम पाहणाऱ्या व्यवस्थापकाने तो आला की नाही याची खात्री न करता परवानगी दिली, आणि गाडी उलटी नेण्याची ठरलेली कार्यपद्धतीच नव्हती. तो व्यवस्थापक त्या वेळी नियंत्रण कक्षात नव्हता, बाहेर होता.

मोठ्या दुरुस्तीच्या काळात अशा हालचाली कितीतरी पटींनी वाढतात. रोज एखादी गाडी आत जाते, एखादी चाचणीला बाहेर येते, तीही रात्री, दमलेल्या माणसांच्या हातून. म्हणून प्रत्येक हालचालीसाठी तीन माणसं नावानिशी ठरवा: हुकूम देणारा, तो शब्द न् शब्द परत म्हणून दाखवणारा, आणि सांधा डोळ्यांनी पाहून सांगणारा. उलटं जायचं असेल तर चालकाने दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन गाडी चालवावी. थोडा वेळ जातो. तो जाऊ द्या. सुरक्षा यंत्रणा बाजूला ठेवण्याचं बटण दर वेळी कोणी, केव्हा आणि कशासाठी दाबलं याची वही पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

त्यानंतर ताफ्याची खानेसुमारी. ती गाडीनिहाय करू नका, डबानिहाय आणि बोगीनिहाय (बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा) करा. डिस्ने वर्ल्डच्या गाड्या रंगांच्या नावाने ओळखल्या जातात, पण रंग हा गाडीचा इतिहास नव्हे. 2009 च्या अपघातानंतर पिंक आणि पर्पलमधले धड भाग एकत्र करून टील नावाची गाडी तयार झाली. एकाच गाडीचे दोन डबे दोन वेगळ्या आयुष्यांतून आलेले असू शकतात. एकाच्या वायरिंगला एकदा हात लागलेला, दुसऱ्याच्या नाही. प्रत्येक डब्याला एक फाइल करा: कधी बांधला, किती धावला, कुठे ठोकला गेला, कोणती दुरुस्ती तात्पुरती म्हणून केली आणि तशीच राहिली. ही शेवटची नोंद सगळ्यात मोलाची असते आणि सहसा कुठेच सापडत नाही. ती जुन्या तंत्रज्ञांच्या डोक्यात असते.

सुट्या भागांचं कोडं इथूनच सुरू होतं. बम्बार्डियरचा रेल्वे व्यवसाय 2021 मध्ये आल्स्टॉमकडे गेला. तेव्हा मूळ आराखडे कोणाकडे आहेत, ते वापरायचा हक्क कोणाला आहे, हे वकिलाकडून आधीच लेखी घ्या. 1980 च्या दशकातल्या कंट्रोल कार्डांवरच्या (गाडीचं नियंत्रण करणाऱ्या सर्किटच्या पाट्यांवरच्या) मेमरी चिपमधला प्रोग्राम कालांतराने पुसट होतो, म्हणून चालू असलेल्या प्रत्येक कार्डाची प्रत आजच काढून दोन ठिकाणी ठेवा. रिले आणि काँटॅक्टर (विजेचे आपोआप चालणारे स्विच), दाराच्या मोटरी, खिडक्यांची रबरं यांपैकी बाजारात काय मिळतं, काय बनवून घ्यावं लागेल आणि काय मोडीत निघालेल्या डब्यातूनच काढावं लागेल, अशा तीन याद्या करा. निवृत्त गाडी भंगारात देण्याची घाई नको. डिस्ने वर्ल्डच्या आधीच्या पिढीतल्या दोन मार्क फोर गाड्या 1995 पासून लास वेगासमध्ये दोन हॉटेलांच्या दरम्यान धावत होत्या. जुन्या गाडीला मागणी असते, आणि मागणी नसली तरी तिच्यातले भाग असतात.

आता खाली वाकून बघू. ही गाडी बीमवर मांड ठोकून बसते. वरच्या पृष्ठावर वजन पेलणारे टायर, दोन्ही बाजूंना दिशा देणारे आणि तोल सांभाळणारे आडवे टायर. वजनाच्या टायरची हवा गेली की ते बाहेरून लगेच दिसत नाही, कारण तो डब्याच्या पोटात झाकलेला असतो. 26 जून 1985 रोजी एपकॉटकडे जाणाऱ्या मार्क फोर गाडीला आग लागली, ती हवा गेलेला टायर काँक्रीटवर घासत गेल्यामुळे. आतल्या लोकांनी खिडक्या लाथांनी उचकटल्या आणि बाहेरून छतावर चढून जीव वाचवला. त्यानंतर आग ओळखणारी यंत्रणा आणि छतातून बाहेर पडायची वाट आली. तुमच्या गाडीत प्रत्येक टायरचा दाब आणि तापमान केबिनमध्ये दिसत नसेल, तर सुधारणेच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ तीच असू द्या. वातानुकूलन दुसऱ्या ओळीला चालेल, फ्लोरिडातसुद्धा.

टायरच्या शेजारी कलेक्टर शू. कार्बनचा हा तुकडा स्प्रिंगच्या जोरावर वीजपट्टीला टेकून घासत जातो. रात्रपाळीत तो हातात घेऊन बघा. झीज सगळीकडे सारखी असेल तर ठीक. एक कड तिरपी खाल्लेली असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा डबा एका अंगाला झुकतोय. कडेला काळे खड्डे असतील तर शू पट्टीपासून क्षणभर सुटून ठिणगी पडते आहे. एकाच गाडीच्या सगळ्या शूंमध्ये हेच दिसलं तर गाडी सोडा आणि पट्टीकडे बघा. तिथला एखादा जोड वर आला असेल. म्हणून बदललेला शू फेकू नये. त्यावर डब्याचा क्रमांक आणि तारीख लिहून फळीवर मांडून ठेवावा. महिनाभरात ती फळीच तुम्हाला बिघाड कुठे आहे ते दाखवते.

पट्टी आणि शू यांचा संबंध तुटला तर काय होतं, ते मुंबईने 19 ऑगस्ट 2025 रोजी पाहिलं. मुसळधार पावसात लोकल कोलमडली आणि गर्दी मोनोरेलमध्ये चढली. गाडीचं वजन तिच्या 104 टनांच्या क्षमतेपलीकडे सुमारे 109 टनांवर गेलं, वीजपट्टीशी संपर्क तुटला, आणि मैसूर कॉलनी ते भक्ती पार्क यांच्या दरम्यान गाडी हवेत अडकली. वीज नाही म्हणजे वातानुकूलन नाही. आत पाचशेहून जास्त माणसं होती, आणि अग्निशमन दलाला शिड्या लावून त्यांना उतरवावं लागलं. मनोरंजन पार्कमध्ये हीच वेळ रोज रात्री येऊ शकते: आतषबाजी संपते आणि हजारो कुटुंबं एकदम फलाटावर येतात. गाडीला वजन मोजणारे सेन्सर आहेत का, असले तर त्यांचा आकडा फलाटावरच्या माणसाला दिसतो का, आणि गाडी भरल्यावर तिला थांबवून ठेवण्याचा अधिकार त्याला आहे का, हे तपासा. आकडा दिसूनही त्याला वरून विचारावं लागत असेल, तर सेन्सरचा काही उपयोग नाही.

प्रवासी उतरवण्याची तालीम खऱ्या माणसांनिशी, अंधारात, बीमच्या सगळ्यात अवघड जागी घ्या. पाण्यावरून किंवा इमारतीतून जाणाऱ्या भागात शिडीची गाडी पोचेल का, ओढून नेणारा डिझेल ट्रॅक्टर चालू स्थितीत आहे का, त्याचा जोड प्रत्येक गाडीला बसतो का, हे बघा. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला कसं उतरवायचं याचं उत्तर लेखी हवं. बॅटरीवर दिवे, पंखे आणि घोषणा किती वेळ टिकतात ते जुन्या बॅटरीवर मोजा, नव्या बॅटरीवर नको.

बीमचं काम संथ असतं, पण समजायला सोपं: जोडांवरच्या पट्ट्या, टेकूखालची बेअरिंग, काँक्रीटच्या भेगा, पाणी साचण्याच्या जागा. एक पक्की तपासणी करून घ्या आणि भेगांच्या टोकांवर तारीख टाका.

खाली चालणाऱ्या माणसांचा विचार मात्र वेगळा करा. लास वेगासची मोनोरेल 2004 च्या जुलैत सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये गाडीचे भाग खाली पडल्याने डिसेंबरपर्यंत बंद राहिली. ती तर कोरी गाडी होती. जुन्या गाडीत पोटाखालच्या प्रत्येक जड भागाला मुख्य बोल्टखेरीज आणखी एक अडकण हवी, आणि बोल्ट घट्ट केल्यावर रंगाची रेघ ओढायची, म्हणजे तो सैल झाला की रेघ तुटलेली लांबूनही दिसते.

स्वयंचलित नियंत्रण बसवायचं असेल तर जुनी आणि नवी यंत्रणा एकाच मार्गावर काही महिने एकत्र नांदणार, हे गृहीत धरा. मुंबईत सप्टेंबर 2025 मध्ये मोनोरेल प्रवाशांसाठी बंद ठेवून नवी सिग्नल यंत्रणा आणि नव्या गाड्या बसवायला घेतल्या, तरीही नोव्हेंबरमध्ये वडाळ्यात चाचणीदरम्यान नवी गाडी बीमवरून कलंडली. प्रवासी नव्हते, हे बरं. डिस्नेसारख्या पार्कला पूर्ण बंद ठेवणं परवडत नाही, आणि म्हणून त्यांच्यावरची जोखीम जास्त आहे. चाचणीची रात्र आणि सेवेची सकाळ यांच्यामध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा, आणि त्या वेळात रिकामी गाडी पूर्ण फेरी मारून येऊ द्या.

हे सगळं करताना मूळ प्रश्न टाळू नका: गाडी दुरुस्त करायची की बदलायची? टोकियो डिस्ने रिसॉर्टची मोनोरेल 2001 मध्ये सुरू झाली आणि 2020 पासून तिथे एकेक करून नव्या गाड्या आल्या. मिनेसोटा प्राणिसंग्रहालयाने 1979 ची मोनोरेल 2013 मध्ये बंद केली आणि तिच्याच मार्गावर 2023 मध्ये झाडांच्या उंचीवरून चालायची वाट खुली केली. दोन्ही निर्णय मला पटतात, कारण दोघांनी वेळ ठरवून निर्णय घेतला. माझं मत असं, की प्रत्येक गाडीच्या फाइलवर निवृत्तीचं वर्ष आजच लिहावं आणि त्या वर्षाच्या पलीकडे टिकणारा कोणताही महागडा भाग तिच्यात बसवू नये.

आणि माणसं. ज्यांना आवाजावरून बेअरिंग कळतं असे तंत्रज्ञ बहुतेक गाड्यांइतकेच जुने झालेले असतात. त्यांच्याबरोबर एकेका नव्या माणसाला जोडून द्या, काम करताना त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, तात्पुरत्या दुरुस्त्यांची ती हरवलेली यादी त्यांच्याकडून भरून घ्या. मनुष्यबळ विभागाकडून त्यांच्या निवृत्तीच्या तारखा मागवा आणि कोणती गाडी आधी आत घ्यायची हे त्या तारखा समोर ठेवून ठरवा.